मार्गशीर्षातलं लग्न आणि मोगरा नसलेले गजरे

१५ डिसेंबर २०२४ला मी पहिल्यांदा एका अख्ख्या लग्नाची फुलं केली. मुंडावळ्यांपासून बोहल्यापर्यंत सगळी. त्याआधी दोन वर्षं डोहाळजेवणाच्या वाड्या, बारशी, सत्यनारायण, एखादा साखरपुडा एवढंच करत होते. लग्न घ्यायचं ठरलं तेव्हा कुणाला काय विचारावं हेच समजेना. या धंद्यातली माणसं भाव सांगतात, हिशेब सांगत नाहीत. म्हणून हे तारखांसकट आणि पैशांसकट लिहून ठेवते आहे. घरातून फुलांची कामं घेणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

फोन ७ जुलैला आला, रविवारी दुपारी. आषाढ नुकता लागला होता. "माझ्या भाचीची वाडी तुम्हीच भरली होती ना? आमच्या मुलीचं डिसेंबरात आहे." काकूंनी दोन गोष्टी तिथल्या तिथे सांगून टाकल्या. सगळं पांढरं हवं, आणि मोगरा भरपूर हवा. "मोगऱ्याशिवाय लग्नघराला वास कसला यायचा?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आठवडाभराची मुदत मागून घेतली.

मोगऱ्याचा बहर फाल्गुनापासून पावसाच्या तोंडापर्यंतचा. थंडीत झाड थांबतं, शेतकरी पाणी तोडतात, छाटणी करतात आणि उन्हाळ्यातल्या कळीची वाट बघतात. मार्गशीर्षात बाजारात जो थोडाफार मोगरा दिसतो तो बराचसा दक्षिणेतून आलेला आणि प्रवासात दमलेला असतो. माझ्याकडे एक वही आहे. पुण्यातल्या मार्केट यार्डच्या फुलबाजारातून घरी आलं की त्यात त्या दिवसाचे भाव आणि दोन शब्दांचा शेरा लिहायचा, हा दोन वर्षांचा नेम. आदल्या डिसेंबरचं पान काढलं. मोगरा किलोला हजाराच्या वर, आणि पुढे माझ्याच अक्षरात, "दुपारी चारला तपकिरी." त्याच पानावर शेवंती, अ‍ॅस्टर, कागडा, गुलछडी यांच्यापुढे काहीच तक्रार नव्हती. हे काम सुरू करायचं असेल तर व्हिजिटिंग कार्ड छापायच्या आधी अशी एक वही घाला. मला तिच्याइतका आधार दुसऱ्या कशानंच दिला नाही.

१४ जुलैला त्यांच्या घरी गेले. मोबाइलमधले फोटो न्यायचं टाळलं. एका मोठ्या कागदावर मराठी महिने लिहून प्रत्येकासमोर त्या त्या वेळची फुलं रंगवून नेली होती. श्रावणात जाई-जुई आणि सोनटक्का, कार्तिक-मार्गशीर्षात शेवंती, अ‍ॅस्टर, गुलाब आणि कागडा, वैशाखात मोगरा आणि सोनचाफा. मी पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे हात बसलेला आहे. काकू तो कागद बराच वेळ बघत राहिल्या. चेहरा उतरलेला दिसत होता, आणि मला वाटलं काम गेलं. नवरी मुलगी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "आई, लग्न मार्गशीर्षातलं आहे तर ते मार्गशीर्षातलं दिसू दे ना." तिच्या भावानं विचारलं की मागची भिंत कापडी फुलांची केली तर स्वस्त पडेल का. मी त्याला सरळ सांगितलं की मी कृत्रिम फुलं वापरत नाही. शेवंती-झेंडू लावणाऱ्या शेतकऱ्यांचा माल या फुलांमुळे पडून राहतो, ही त्यांची तक्रार मी बाजारात दर आठवड्याला ऐकते. तेच शेतकरी मला फुलं देतात. यात मला मधला मार्ग सापडत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत बोललेलं बरं असतं.

आजींचा प्रश्न मात्र खरा होता. "वासाचं काय?" शेवंतीला स्वतःचा कडवट, ओलसर वास असतो, पण लग्नातल्या बायकांना हवा असतो तो हा नाही. कागडा दिसायला मोगऱ्याच्या कळीसारखाच, पण त्याला वास जवळजवळ नाही. मी म्हटलं, गजऱ्यात कागड्याबरोबर मरवा घालू आणि बोहल्यावर गुलछडी ठेवू. आजी म्हणाल्या, "मरवा चालेल. पण आधी करून दाखव." ते मी वहीत लिहून घेतलं.

मुहूर्त १५ डिसेंबरचा, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांचा. घरी येऊन कॅलेंडर उघडलं. मार्गशीर्षातले गुरुवार ५ आणि १२ डिसेंबरला, म्हणजे महालक्ष्मीच्या पूजेसाठी फुलं आणि वेण्या चढ्या भावात. १४ला, म्हणजे बरोबर आदल्या दिवशी, दत्तजयंती. फुलांच्या कामात लग्नाच्या तारखेइतकीच तिच्या आदल्या दोन दिवसांची तिथी बघावी लागते.

म्हणून मी ठरवलं की मुख्य फुलं बाजारावर सोडायची नाहीत. सोलापूर रस्त्याला सोरतापवाडी, उरुळी कांचन, यवत हा सगळा पट्टा फुलांचा. सोरतापवाडीजवळच्या एका शेतकरी दादांकडून मी आधीपासून अ‍ॅस्टर घ्यायचे. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी त्यांच्याकडे गेले आणि विचारलं, "दादा, माझ्यासाठी दोन गुंठे अ‍ॅस्टर लावाल का, १३-१४ डिसेंबरला तोडणीला येईल असा?" त्यांनी बोटांवर महिने मोजले. बी टाकल्यापासून रोप तयार व्हायला चार-पाच आठवडे आणि लावणीनंतर फूल यायला साधारण अडीच-तीन महिने. म्हणजे बी ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात टाकायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रानं काढलेले अ‍ॅस्टरचे वाण आहेत, फुले गणेश व्हाइट, पिंक, पर्पल, व्हायोलेट. आम्ही दीड गुंठा पांढरा आणि अर्धा गुंठा जांभळा ठरवला. मी तीन हजार रुपये आगाऊ दिले. शेवंती त्यांच्याकडे आधीच लावलेली होती. दिवस लहान व्हायला लागले की तिला कळी धरते, त्यामुळे डिसेंबरची काळजी नव्हती.

दादांनी निघताना एक गोष्ट सांगितली: "ताई, शेत आहे. तारीख मी धरीन, रंग नाही धरता येणार." हे वाक्य मी पुढे करारात जवळजवळ जसंच्या तसं घातलं.

ऑगस्टमध्येच हॉलच्या कार्यालयात फोन केला तेव्हा नवीनच कळलं. हॉलचे ठरलेले डेकोरेटर असतात. बाहेरचा आणायचा तर पाच हजार रॉयल्टी, दहा हजार अनामत आणि वर दुकानाची कागदपत्रं. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. तोपर्यंत मी पैसे घेत होते ते माझ्या बचत खात्यावर. आता कागदांच्या मागे लागणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर या भागाची मला फुलांपेक्षा जास्त धास्ती होती.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. आधार आणि पॅन लागतं. त्याच नावाखाली दोन-तीन हजार मागणाऱ्या खासगी वेबसाइट शोधात वरती दिसतात, त्यात अडकू नका, सरकारी पत्ता नीट तपासून उघडा. माझी अडचण वेगळीच होती. ओटीपी येईना, कारण आधारला जोडलेला नंबर नऊ वर्षांपूर्वीचा. मग आधार केंद्रात टोकन, दोन तास बसणं, पन्नास रुपये, आणि नवा नंबर लागू होईपर्यंत सहा दिवसांची वाट. त्यानंतर नोंदणी वीस मिनिटांत झाली.

दुसरा कागद शॉप अ‍ॅक्टचा, ज्याला जुनी माणसं अजून गुमास्ता म्हणतात. महाराष्ट्रात २०१७च्या कायद्यानंतर, २०२४ साली, दहापेक्षा कमी कामगार असतील तर पूर्वीसारखं परवाना काढणं लागत नव्हतं, नुसती ऑनलाइन सूचना द्यायची आणि तिची पावती ठेवायची. त्यासाठी मराठी पाटीसह जागेचा फोटो अपलोड करावा लागतो. मी घरातूनच काम करते, त्यामुळे पाटी करायला टाकली, बाल्कनीच्या ग्रिलला लावली, फोटो काढला. पहिला अर्ज परत आला, कारण फोटोत पाटीवरची अक्षरं वाचता येत नव्हती. दुसऱ्या वेळी सकाळच्या उजेडात जवळून काढला आणि झालं. हे दोन कागद घेऊन बँकेत चालू खातं उघडायला गेले. बँकेचा माणूस घर बघून गेला, किमान शिल्लक दहा हजार भरली, आणि अकराव्या दिवशी खातं सुरू झालं. एकूण ऑगस्ट संपला.

जीएसटीबद्दल एका सीए ओळखीच्या ताईंना विचारलं. ताज्या फुलांच्या विक्रीवर कर नाही, सजावट ही मात्र सेवा धरली जाते आणि तिच्यावर अठरा टक्के. पण फुलं आणि सेवा मिळून एकूण वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. माझी उलाढाल त्याच्या कुठेच जवळ नव्हती. बिलावर जीएसटी लावायचा नाही आणि "लावत नाही" हे आधी सांगायचं, एवढं त्यांनी बजावलं.

२५ सप्टेंबरला पुण्यात काय पाऊस पडला ते इथल्यांना आठवत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांचा फोन. अ‍ॅस्टरची रोपं लावून आठच दिवस झाले होते, वाफ्यात पाणी साठलं होतं, पांढऱ्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा रोपं कुजली. माझ्या पोटात गोळा आला. त्यांच्या आवाजात माझ्याहून जास्त त्रास होता, कारण माझ्या दोन गुंठ्यांशेजारी त्यांचं सगळं रान होतं. जांभळी रोपं उंचवट्यावर होती म्हणून वाचली. मी त्यांना म्हटलं, आहे तेवढं जपू.

त्याच संध्याकाळी काकूंना फोन केला. दोन महिने वाट बघून आयत्या वेळी सांगण्यापेक्षा पाऊस ताजा असतानाच सांगितलेलं लोकांना पटतं. "पांढरं कमी पडेल, जांभळं जास्त असेल," मी म्हटलं. पलीकडे शांतता. मग त्या म्हणाल्या, "तिचा शालू वांगी रंगाचा घेतलाय. तुला सांगायचंच राहिलं." तोपर्यंत मला अहो-जाहो करणाऱ्या काकू त्या दिवशी पहिल्यांदा अगं म्हणाल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात करार केला. दोन पानांचा, साध्या मराठीत. एकूण ७२ हजार. तीस टक्के आधी, पन्नास टक्के लग्नाच्या दहा दिवस आधी, वीस टक्के नंतर. कोणत्या वस्तू किती नग, हॉल किती वाजता ताब्यात मिळणार, उतरवणं कुणी करायचं, सगळं. आणि दादांचं वाक्य: "फुलांची जात आणि तारीख आम्ही पाळू, रंगाच्या छटेत शेतातल्या मालानुसार बदल होईल." माझी चूक एकच झाली. हॉलची रॉयल्टी कुणी भरायची ते लिहिलंच नाही. ती ते भरतील असं मी धरून चालले, त्यांनी मी भरेन असं धरलं. कागदावर काही नव्हतं, म्हणून मी भरली. पाच हजार. तुम्ही ही ओळ विसरू नका.

ऑक्टोबरात हॉल मोजून आले. बोहल्याची मागची बाजू सोळा फूट रुंद, बारा फूट उंच. खिळा मारायचा नाही, भिंतीला टेप लावायची नाही, फरशीवर पाणी सांडायचं नाही. आदल्या रात्रीचं रिसेप्शन संपल्यावर अकराला ताबा. फुलं टोचायचा हिरवा स्पंज मी वापरत नाही. तो कुजत नाही, हातात भुगा होतो आणि शेवटी कचऱ्यातच जातो. त्याऐवजी लोखंडी चौकटीवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी दुमडून बसवायची आणि तिच्यात केळीच्या खुंटाचे तुकडे भरायचे. खुंट ओला राहतो आणि त्यात काडी घट्ट बसते. चौकट एका फॅब्रिकेटरकडून भाड्यानं घेतली.

२३ नोव्हेंबरला चाचणीचा दिवस ठेवला होता. तारीख ठरवताना लक्षात आलं नव्हतं की तो विधानसभेच्या निकालाचा दिवस आहे. पहाटे यार्डात गेले तर झेंडू आणि गुलाबाभोवती हारवाल्यांची झुंबड. मला मात्र हवं होतं ते थोडंसंच. थोडा मोगरा, थोडा कागडा, एक जुडी मरवा, दहा काड्या गुलछडी, शेवंती. घरी येऊन दोन गजरे ओवले, एक मोगऱ्याचा आणि एक कागडा-मरव्याचा, आणि दोन्ही घेऊन नऊ वाजता काकूंकडे गेले. मोगऱ्याचा नवरीनं माळला, दुसरा काकूंनी. "काढू नका, स्वयंपाक करा, झोपा, काहीही करा, संध्याकाळी बघू." सहा वाजता मोगऱ्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. कागडा तसाच पांढरा होता आणि मरव्याचा वास काकूंच्या उशीलासुद्धा लागला होता. आजींनी गजरा हातात घेऊन हुंगला आणि माझ्या हातात परत दिला. "हाच कर." तिथून पुढे मोगऱ्याचा विषय कुणी काढला नाही. गिऱ्हाइकाला समजावण्यात आठवडे घालवण्यापेक्षा असा एक दिवस द्या. मला तो ११०० रुपयांना पडला.

त्याच दिवशी मुंडावळ्याही बांधून बघितल्या. फुलांची मुंडावळ सुंदर दिसते, पण जड झाली तर दोरा कपाळात रुततो आणि नवरा-नवरी दर फोटोत ती सारखी करत बसतात. मी गुलछडीच्या न उमललेल्या कळ्या आणि मध्ये एकेक छोटा गुलाब असं ओवलं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, आणि मधले दोन पदर काढून टाकले. कानापाशी टोचणारी गाठ कापसाच्या पट्टीत लपेटली. नेहमी एक जोडी जास्तीची करायची.

डिसेंबरचा पहिला आठवडा वाईट गेला. फेंगल चक्रीवादळामुळे इकडेही ढग आले, हवा दमट आणि उबदार झाली. अशा हवेत शेवंतीच्या पाकळ्यांवर पाणी पडल्यासारखे डाग येतात. दादा रोज संध्याकाळी फोटो पाठवायचे आणि मी ते मोठे करकरून बघायचे. झोप लागत नव्हती. मग ढग गेले आणि लगेचच थंडी पडली, इतकी की अ‍ॅस्टर खुश आणि गुलछडी रुसलेली. थंडीत गुलछडीची कळी उमलतच नाही. १३ला, शुक्रवारी, मी दीडशे काड्या आणल्या त्या हिरव्या मुठी आवळून बसल्यासारख्या होत्या. उमलली नाही तर वास नाही, आणि वास हा तर आजींना दिलेला शब्द.

काड्यांची टोकं तिरपी कापली, खालची पानं काढली, बादल्यांत कोमट पाणी भरलं आणि छोट्या खोलीत खिडक्या बंद करून, दोन पिवळे बल्ब लावून ठेवल्या. दर चार तासांनी पाणी बदललं. शनिवारी पहाटे तीनला दार उघडलं तेव्हा खालच्या चार-पाच कळ्या उमलल्या होत्या आणि खोलीतून वासाचा लोट आला. मी दारातच खाली बसले. पाच मिनिटं तरी तिथेच बसले असेन.

पण त्या दिवसाची परीक्षा अजून यायची होती. दत्तजयंतीची पहाट, यार्डात पाय ठेवायला जागा नाही. एका गाळ्यावर तीन किलो कागडा सांगून ठेवला होता. मिळाला दीड. थंडीनं कळी कमी आली आणि आलेली आधीच्या कुणीतरी उचलली. सकाळी सहाला मी बाजारात, हातात अर्धाच माल, आणि साठ गजऱ्यांचं बोलणं झालेलं. एका किलोत माझे साधारण तीस गजरे होतात, म्हणजे दीड किलोत पंचेचाळीस, पण त्यातलेच दोन्ही घरच्या बायकांना लांब द्यायचे होते. शेजारच्या गाळ्यावर कागडा मिळत होता, दुप्पट भावानं, आणि वर उमलायला लागलेला. तो मी घेतला नाही. सातला काकूंना फोन केला. "घरच्या आणि करवल्यांना कागड्याचे चोवीस करते, लांब. बाकी पाहुण्यांना बटण शेवंती आणि मरव्याचे छोटे." त्या म्हणाल्या, "कर. मला आता विचारू नकोस, तुझं तू ठरव." कुठल्याही लग्नघरात आदल्या दिवशी हे ऐकायला मिळणं मोठं आहे.

दादांचा टेम्पो नऊला आला. पांढरा अ‍ॅस्टर ठरल्यापेक्षा कमी, जांभळा भरपूर, शेवंती पांढरी आणि थोडी पिवळी, दत्तजयंतीच्या दिवशीही ठरलेल्याच भावानं. त्यांना त्या दिवशी यार्डात किलोमागे दुपटीनं मिळाले असते, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. मी पन्नास रुपये किलोमागे वाढवून दिले, त्यांनी वीसच घेतले.

हार ओवायला चार मावशी होत्या, मंडईबाहेर बसणाऱ्या. त्यांच्या हातांना मी काय शिकवणार? मी फक्त पाणी शिंपडायचं नाही एवढं सांगत राहिले. गजऱ्यांवर पाणी मारलं की रात्री ते काळे पडतात. ओल्या फडक्यात गुंडाळून, वर केळीचं पान, आणि वारं लागणार नाही अशा टोपलीत. वधूवरांचे हार मात्र मी स्वतः केले, पांढरी शेवंती, जांभळा अ‍ॅस्टर, मध्ये तुळशीच्या मंजिऱ्या. गुडघ्याच्या वरच संपतील इतकेच लांब ठेवले, म्हणजे मुलीला शालू सांभाळत खाली वाकताना पायात येणार नाहीत.

हॉल अकराला मिळणार होता, मिळाला पावणेबाराला. आधीच्या समारंभाची टेबलं उचलेपर्यंत टेम्पोत फुलं थांबून होती. मी, दोन मावशी आणि दोन मुलं, रात्रभर. आधी केळीचे खुंट आणि आंब्याचे डहाळे, मग गुलछडी, मग शेवंती, आणि अ‍ॅस्टर सगळ्यात शेवटी, कारण त्याची काडी लवकर मान टाकते. पहाटे साडेतीनला लक्षात आलं की उजव्या बाजूला पांढरं पुरत नाही. तिथे जांभळा खालून दाट लावत नेला आणि वर जाताना विरळ केला, मग डाव्या बाजूचंही थोडं काढून तसंच केलं. ठरवून केल्यासारखं दिसायला लागलं. गौरीहराभोवती नुसती पिवळी शेवंती. साडेसहाला झाडलोट संपली तेव्हा हॉलच्या दारात चहावाल्याची वर्दळ सुरू झाली होती.

मंगलाष्टकांच्या वेळी मी मागे, खांबापाशी उभी होते. अंतरपाट खाली आला, हार घातले गेले, आणि गर्दी पुढे सरकली तसा शेजारून जाणाऱ्या बायकांच्या केसांतून मरव्याचा वास येत राहिला. आजींनी दोनदा मागे वळून मला शोधलं. तिसऱ्यांदा सापडले तेव्हा नुसती मान हलवली. त्यांच्या अंबाड्यावर गजरा नव्हता, त्यांनी शेवंतीची वेणी मागून घेतली होती.

संध्याकाळची बॅच असल्यामुळे दुपारी चारला सगळं उतरवायचं होतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की फुलं न्या, त्यामुळे अर्धी बोहल्यावरूनच गेली. उरलेला पाला, खुंट, फुलं गोण्यांत भरून दादांच्या टेम्पोनं त्यांच्या शेतावर खताच्या खड्ड्यात. तार आणि दोरा वेगळा काढायला एक तास लागतो, तो वेळ धरून चाला. हॉलनं फरशीवरच्या पाण्याच्या डागासाठी अनामतीतून दीड हजार कापले. डाग आमचा होता की आधीच्यांचा, हे ताबा घेताना फोटो काढला असता तर सांगता आलं असतं.

आता हिशेब. फुलं आणि पाला २७,४००. मजुरी १३,५००. टेम्पो ५,२००. चौकट, जाळी, बादल्या, दोरा ३,९००. रॉयल्टी ५,०००. चहा-जेवण १,३००. अनामतीतले गेलेले १,५००. एकूण ५७,८००. उरले १४,२००, जुलै ते डिसेंबरच्या कामाचे. शेवटचा हप्ता १४,४००चा होता आणि तो २ जानेवारीला आला, म्हणजे अठरा दिवस माझी सगळी कमाई बाहेरच होती. काकूंची टाळाटाळ नव्हती, लग्नानंतरच्या घरात कुणाला काही सुचत नाही. पुढच्या वेळी मी शेवटचे फक्त दहा टक्के ठेवणार आहे.

मागच्या रविवारी शिल्लक द्यायला सोरतापवाडीला गेले होते. दादांनी अ‍ॅस्टरच्या चार ओळी तोडल्या नव्हत्या, बियाण्यासाठी ठेवल्या होत्या. वाळलेली बोंडं चोळून त्यांनी बी एका जुन्या पंचांगाच्या पानात बांधून दिलं. मार्चमधलं लग्न असतं तर ते आता टाकायलाही उशीर झाला असता. एप्रिलअखेरसाठी दादा म्हणतात अजून आठ दिवस आहेत, पण ऊन वाढल्यावर फूल बारीक येईल, त्यापेक्षा तेव्हा मोगराच घ्या.